गिरजादाईची अकरा लेकरं

आमचं शहर जिल्ह्यातलं नेमकं कोणतं, ते मी सांगणार नाही. एवढं सांगते की घाटंजीचा बाजार आणि आर्णीचा बाजार दोन्हीकडून सारखाच लांब पडतो, आणि नळाला पाणी आलं की लोक लग्नातल्यासारखे पळत सुटतात. नाव न सांगण्याचं कारण भित्रेपणा आहे. तिथल्या कचेऱ्यांशी माझे संबंध अजून संपलेले नाहीत. पेन्शनसाठी दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला लागतो, आणि आपलं जिवंत असणं ज्यांच्या हाती आहे त्यांच्याबद्दल बरंवाईट लिहिणं शहाणपणाचं नाही. यंदा तर यंत्रानंच मला नाकारलं. चाळीस वर्षं बाळंतिणींच्या खोल्यांत हात घासघासून माझ्या बोटांवरच्या रेषा गेल्या. अंगठा लावला की यंत्र म्हणतं, जुळत नाही. सेतूतली बाई म्हणाली, “काकू, दुसरं बोट लावा.” दहाही लावून झाली. “आता पायाची लावू काय वं?” मी विचारलं. “थांबा थोडं, सर्व्हर गेला,” ती म्हणाली. आधी बाबू चहाला जायचा, आता सर्व्हर जातो. फरक इतकाच की बाबूला टपरीवर जाऊन मानगुटीला धरता यायचं. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले आणि मला हसू फुटलं, कारण ‘तू तू नाहीस’ असं सरकारनं मला तोंडावर सांगण्याची ही काही पहिली खेप नव्हती. पहिली खेप झाली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. म्हणजे खरं तर सतराला एक दिवस कमी, आणि त्या एका दिवसानंच सगळा घोळ केला.

आमच्या घरात कागदांचा तोटा होता असं कोणी म्हणू नये. बाबा एका सरकारी खात्यात कारकून, त्यांचे वडील कारकून, आजोबा कारकून. आमच्या घराण्यात मूल पहिलं रडतं तेही दोन प्रतींत, असं शेजारी म्हणत. घरात तीन लोखंडी पेट्या होत्या आणि त्यात बाबांचे कागद. विजेची सगळी बिलं, त्यात काही तर गल्लीत वीज येण्याच्या आधीची. चोरीला गेलेल्या छत्रीच्या दुरुस्तीची पावती. आमच्या कपिला गाईला सरकारी दवाखान्यात नेऊन भरवलं होतं, त्याचीसुद्धा शिक्क्याची पावती होती. म्हणजे वासराचा बाप कागदोपत्री सिद्ध होता. माझा नव्हता. पण हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण आमच्या इकडे माणसाला स्वतःचा जन्म सिद्ध करायची वेळ फारशी येत नसे. जन्मलेला दिसतोय ना समोर, मग झालं.

त्या उन्हाळ्यातलं घर मला आजही कानांनी आठवतं. पहाटे आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, तो थांबला की पिंपं सरकवण्याचा, मग बाबांचा वर्तमानपत्रातल्या निविदा मोठ्यानं वाचण्याचा. रस्त्याच्या खडीकरणाची निविदा ते असे वाचत की जणू पोथी लागली आहे. छतावर पलंग टाकून त्यावर कुरडया वाळत, आणि ऊन असं की कुरडई टाकल्यावर तळायची गरज नसे, दुपारपर्यंत वर जाऊन नुसती उचलून खावी. आई हातावर कणकेचे सरगुंडे वळायची. आंब्याच्या रसात बुडवलेले ते सरगुंडे खाल्ले की बाबा दोन तास सरकारी भाषा विसरायचे आणि माणसासारखे बोलायचे. मोठ्या मागण्या आम्ही त्या दोन तासांतच करायचो.

माझी मागणी अशाच एका दुपारची. सरकारी दवाखान्यात नर्सचं ट्रेनिंग निघालं होतं. राहायला होस्टेल, वर महिन्याला थोडे पैसे. दुसरीकडे मामानं दिग्रसच्या बाजूचं एक स्थळ आणलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्याची पिठाची चक्की होती आणि त्याच्या भुवया, मिशा, पापण्या बारा महिने पांढऱ्या. तो बघायला आला तेव्हा शिंकला आणि आमच्या बैठकीत धुकं पसरलं. बाबा रसाची वाटी चाटून म्हणाले, “नंबर लागला तर ट्रेनिंग. नाही लागला तर पुढच्या वर्षाची वाट बघायची नाही. चक्की.” त्यांनी ते कागदावर लिहून खाली तारीखसुद्धा घातली.

ट्रेनिंगची अट होती, जूनअखेर सतरा पूर्ण. आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्म एक जुलैचा. आता एक जुलै ही काय माझी तारीख होती? गुरुजींसमोर पोर उभं करायचं, त्यानं डोक्यावरून उजवा हात नेऊन डावा कान धरून दाखवायचा. धरला की सहा वर्षं पूर्ण, आणि जन्म एक जुलै. आमच्या वर्गातली झाडून सगळी पोरं एक जुलैची. त्या एका दिवशी तालुक्यात इतक्या बायका बाळंत झाल्या असत्या तर भूकंपाची नोंद झाली असती. पण ट्रेनिंगच्या कचेरीतला बाबू म्हणाला, “एक दिवस कमी असो का एक वर्ष, कमी थे कमी. खरा जन्मदाखला आणा, महिना संपायच्या आत.” महिना संपायला सोळा दिवस होते.

माझ्या जन्माचा दाखला शोधायला बाबा असे निघाले जसा पाटील स्वतःच्या शेतात निघतो. कचेरी म्हणजे त्यांचं रान. नगरपरिषदेच्या खिडकीत त्यांनी अर्ज सारला, तो न वाचताच परत आला. “जन्म कुठचा?” “हिवरदरीचा, हिच्या आईच्या माहेरचा.” “मंग तिथंच मागा नं भाऊ. लेकरू तिकडं अन् दाखला इकडं, असं कुठं असते काय?” हिवरदरी म्हणजे फुलसावंगीच्या पलीकडे, दोन बस बदलून आणि मग पायी. तिथे ग्रामपंचायतीला कुलूप. ग्रामसेवकाकडे तीन गावं, हिवरदरीला तो फक्त मंगळवारी. मंगळवारी गेलो तर मंगळवारीच त्याची मीटिंग. किल्ली चहाच्या हॉटेलात ठेवलेली, आणि हॉटेलवाल्याला ग्रामसेवकापेक्षा दुप्पट माहीत. कढईतली भजी उलटवत तो म्हणाला, “इतक्या जुन्या नोंदी इथं कुठच्या बावा? त्या टायमाले कोतवाल घरोघर फिरून लिवत जाय. त्याच्या वह्या तालुक्याले गेल्या. तुम्ही कायले आले इथं? मले चिठ्ठी टाकली असती त सांगतलं असतं.” असे सहा दिवस गेले.

तालुक्याच्या कचेरीत जुन्या कागदांची खोली होती आणि त्या खोलीत खोडकेबाबू नावाचे गृहस्थ राहत. हो, राहतच, ते घरी जात असतील यावर माझा विश्वास नाही. अंग असं वाळलेलं की दोन फायलींमध्ये ठेवले तर फाईल फुगणार नाही. नाकाला धुळीसाठी बांधलेला दुपट्टा, टेबलावर मातीचं मडकं, आणि चारी भिंतींना छतापर्यंत लाल कापडात बांधलेले गठ्ठे. बाबांनी आपली ओळख दिली, हुद्दा सांगितला. खोडकेबाबूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं जसा एक बोका दुसऱ्या बोक्याकडे कुंपणावरून पाहतो.

“तारीख?” खोडके म्हणाले.

“कसली?”

“जन्माची.”

“तीच तर शोधायला आलोय.”

“तारखेबिगर पान कसं काढू? अर्जात रकाना हाये पाहा. जन्मतारीख. कोरा अर्ज घेता येत नाही.”

“अहो, तारीख माहीत असती तर दाखला कशाला मागितला असता?”

“ते मले नका इचारू साहेब. तुम्ही बी सरकारीच हाये. तुमच्या हाफिसात कोरा रकाना घेता काय?”

इथे बाबा फसले, कारण ते घेत नसत. बत्तीस वर्षांत त्यांनी कोरा रकाना घेतला नव्हता आणि याचा त्यांना अभिमान होता. मीच मध्ये तोंड घातलं. आई सांगायची की माझ्या वेळी मोहाची फुलं पडत होती आणि हनुमान जयंती व्हायची होती. “या वहीत मोहाचं फूल असा रकाना नाही बाई,” खोडके म्हणाले, पण उठले. ते शिडीवर चढले आणि जवळजवळ दोन तास दिसेनासे झाले. मधूनमधून वरून धूळ पडायची, त्यावरून माणूस चालू आहे एवढं कळायचं. शेवटी एक गठ्ठा घेऊन उतरले, गाठ सोडली, आणि बोटाला थुंकी न लावता, मडक्यातलं पाणी लावून पानं उलटू लागले.

हिवरदरीचा चैत्र सापडला. त्यात तीन जन्म. दोन मुलगे. एक मुलगी, पण बापाच्या रकान्यात आडवी रेघ, आणि आई म्हणून गिरजा, धंदा दाईपणा. बाबांचं नाव नाही, आईचं नाव नाही. खोडकेंनी मागचं पान काढलं, पुढचं काढलं, आणि मग त्यांचा दुपट्टा नाकावरून खाली घसरला.

“अवो साहेब, हे पाहा. मागच्या साली बी गिरजाच. श्रावणात पोरगं. अन् त्याच श्रावणात, वीस दिवसानं आणखी येक पोरगी! पुढच्या साली बी!” ते मोजत गेले. नऊ वर्षांत अकरा. “अन् नवरा तिच्या पहिल्या पोराच्या धा साल आधी मेला, हे त्याच वहीत मरणाच्या पानावर हाये. या येकट्या बाईनं त सरकारचं कुटुंबनियोजन बुडवलं हो!”

ते दोघं कारकून असे हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. दोन तासांचं वैर विसरून खोडकेंनी बाबांना मडक्यातलं पाणी दिलं. माझं काम मात्र झालं नव्हतं. मी तिथे हजर होते आणि वहीत नव्हते. चक्कीवाला डोळ्यांपुढे शिंकत होता.

संध्याकाळी जेवताना बाबांनी ती गोष्ट आईला रंगवून सांगितली. आई चुलीपुढे होती, परातीत भाकर फिरत होती. “आणि श्रावणात तर दोन,” बाबा म्हणाले, “वीस दिवसांच्या अंतरानं!” परातीतला हात थांबला. आईनं आमच्याकडे न बघता विचारलं, “चैत्रातली बी होती काय येखादी?”

“होती ना. मुलगी.”

“मंग थे,” आई म्हणाली, “थे इथंच बसून भाकर खाऊन राह्यली.”

बाबांच्या हातातला घास हातात राहिला. माझा ठसक्यात गेला.

मग हळूहळू निघालं. माझ्याआधी आईची दोन लेकरं गेलेली, दोन्ही सव्वा महिन्याच्या आत. तिसऱ्या वेळी माहेरच्या बायकांनी ठरवलं की हे लेकरू आपलं म्हणायचंच नाही. जन्मल्याबरोबर मला सुपात घातलं आणि गिरजादाईला विकलं, सूपभर कोंडा घेऊन. गावातल्या ज्या ज्या घरात लेकरं जगत नव्हती त्यांचं गिऱ्हाईक गिरजादाईच, कारण तिच्या हाताला यश होतं. लेकरं न्यायला सटवाई आली, तर तिला या घरात या घरचं लेकरूच सापडू नये. “पाचव्या दिवशी सकाळीच कोतवाल आला,” आई म्हणाली. “दारात उभा राहून म्हणे, लेकरू कोणाचं? आता मी काय सांगू? मी सांगतलं, गिरजादाईचं. त्यानं लिवलं.”

“अगं पण सरकारला तरी खरं सांगायचं!” बाबा ओरडले.

“सरकार अन् सटवाई येकाच दारात उभे होते,” आई म्हणाली. “येकाले खरं अन् दुसरीले खोटं कसं सांगू?”

फसवायला गेले सटवाईला आणि फसलं सरकार. मी मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकले होते. मी त्या रात्री अंथरुणावर पडून सगळी वर्षं उलटसुलट करून पाहिली, आणि ‘ही माझी मुलगी’ हे वाक्य आईच्या तोंडचं मला एकदाही सापडलं नाही. पाहुणे आले की ती म्हणायची, “आमच्या इथं राह्यते.” मास्तरांना म्हणायची, “हे पोरगी.” मला वाटायचं, माहेरची बोलायची पद्धत असेल. विकलेलं लेकरू परत विकत घ्यायचं असतं. पण आजी गेली, आम्ही शहरात आलो, ते राहूनच गेलं. आणि परत घेतलं नाही तोवर ती आपलं म्हणणार कशी? सतरा वर्षं ती बाई माझ्या वेण्या घालत होती, आणि तोंड आवरत होती.

बाबांची रजा संपली होती. पुढच्या खेपेला आई आणि मी दोघीच निघालो. हिवरदरीला गिरजादाई अंगणात बसली होती. सत्तरीची, दात नाहीत, पण हात अजून जात्याच्या खुंट्यासारखे. सुट्टीत गेले की ती मला बोलावून माझी पापणी खाली ओढायची, जीभ बघायची, दंड दाबायची, आणि “ठीक हाये” म्हणून सोडून द्यायची. मला वाटायचं म्हातारीला सवय. आता कळलं, ती आपली खरेदी तपासत होती. आईनं सगळं सांगितलं. “चाल,” ती म्हणाली, आणि पदरात चिमूटभर तंबाखू बांधून आमच्याआधी बसमध्ये चढली.

खोडकेबाबूंनी तिला पाहिलं आणि अदबीनं उभेच राहिले. अकरा लेकरांची आई समोर आली होती. हकीकत ऐकून मात्र त्यांनी कपाळ धरलं. नोंद बदलायला दोन जबाब लागणार होते. वहीतल्या आईनं म्हणायचं, ही माझी नाही. दुसरीनं म्हणायचं, ही माझी. खाली अंगठे. साहेबांची सही, की झालं.

“सोपं हाये आजी,” खोडके म्हणाले. “फक्त येवढं म्हणा, हे पोरगी माही नाही.”

“नाई म्हणत,” गिरजादाई म्हणाली.

“काहून?”

“नाई म्हणत म्हंजे नाई म्हणत.”

“बरं, तुम्ही म्हणा बाई,” ते आईकडे वळले. “म्हणा, माही हाये.” आईनं पदर तोंडाला लावला आणि मान आडवी हलवली. खोडकेंनी लेखणी टेबलावर आपटली. “अवो, येक जण नाही म्हणेना, दुसरी हो म्हणेना! मंग हे पोट्टी काय मोहाच्या झाडाले लागली होती? तीन दिवस राह्यले महिन्याचे! मी काय लिवू इथं?”

गिरजादाई शांतपणे खाली बसली, जमिनीवरच. “बाबू,” ती म्हणाली, “तुह्या या वहीत मेल्याची पानं हायेत नं? काढ मंग. माह्या नावावर अकरा लिवले म्हणतो. त्यातलं येक तरी लहानपणी मेलं काय, पाह्य.”

खोडके चिडून उठले, पण पाहू लागले. आधी घाईघाईनं, मग सावकाश. ती सगळी नऊ वर्षं आणि वर आणखी काही. त्या पानांवर गावची इतर लेकरं होती. देवी, हगवण, ताप, ओळीनं. अर्धा तास ते एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. मग त्यांनी वही मिटली.

“येक बी नाही,” ते हळूच म्हणाले.

“मंग? मी येकदा बी म्हटलं नाही, माहं नाही म्हून. म्हून जिते हायेत. तुह्या सहीसाठी आता म्हणू काय?”

मी पुढे नर्स झाले, शेकडो बाळंतपणं केली, आणि मला नीट माहीत आहे की गिरजादाईची लेकरं का जगली. ती नाळ कापायचा विळा निखाऱ्यावर लाल करून घ्यायची, हात राखेनं कोपरापर्यंत घासायची, आणि बाळंतिणीच्या खोलीत शिरणाऱ्या सासवांना झाडूनं हाकलायची. पण त्या दुपारी हे कोणाला माहीत होतं? पुरावा तिच्या बाजूचा होता, आणि तो सरकारी वहीत होता. खोडकेबाबू चार भिंती गठ्ठ्यांचे मालक, एका अडाणी म्हातारीनं त्यांना त्यांच्याच वहीनं चीत केलं.

“मंग आजी,” त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “कसं करता येईन?”

“परत घेतलं पाह्यजे तिनं. सुपात. मंग मी मोकळी, थे मोकळी.”

योगायोगानं बाजाराचा दिवस होता. आई जी पळत गेली ती नवं सूप आणि पायलीभर ज्वारी घेऊनच आली. खोडके म्हणत राहिले, “बाहेर करा, हे सरकारी कार्यालय हाये,” पण पाऊस लांबलेला, बाहेर ऊन असं होतं की देवालाही चटका बसावा, म्हणून टेबल सरकवून त्यांच्याच खोलीत जागा केली. आता लहान बाळ सुपात मावतं. मी सतरा वर्षांची, अंगानं बाबांच्या पेट्यांपेक्षा जड. शेवटी मी सुपात दोन पाय ठेवून उभी राहिले, आणि सूप असं कुरकुरलं की दारात जमलेले शिपाई, अर्जदार, एक शेळीवाला, सगळे मागे सरकले. एका वकिलानं आत येऊन विचारलं, “काय चाललंय?” “फेरफार,” खोडके म्हणाले, “बसा गुपचूप.” ज्वारी गिरजादाईच्या पदरात पडली. तिनं माझी पापणी ओढली, जीभ पाहिली, दंड दाबला, आणि मला खांद्याला धरून सुपातून आईकडे लोटलं.

“घे वं,” ती म्हणाली. “धडधाकट देऊन राह्यलो. आता माह्याकडं तक्रार आणू नको.”

खोडकेंनी लेखणी उचलली. “आता म्हणा आजी.”

“हे पोरगी माही नाही,” गिरजादाई म्हणाली. ती एकदम म्हातारी दिसली. तिनं अंगठा उमटवला आणि तो पुसला नाही, बराच वेळ बघत राहिली. मग खोडके आईकडे वळले. आईनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. वर गठ्ठ्यांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. कोणी ऐकत तर नाही ना, अशी. दारात पन्नास माणसं होती.

“माही हाये,” आई म्हणाली. आवाज इतका बारीक की खोडके म्हणाले, “जरा मोठ्यानं, लिवायचं हाये.”

“माही पोरगी हाये!”

शेळी दचकली.

चार वाजता साहेबांची सही झाली. जुनी नोंद खोडता येत नसते, म्हणून खोडकेंनी समासात लाल शाईनं शेरा लिहिला, आणि गिरजादाईला फुलसावंगीच्या बसमध्ये स्वतः बसवून दिलं. बसच्या खिडकीतून ती त्यांना म्हणाली, “बाकीचे धा आले त सांगजो. घरी ज्वारीले जागा करून ठेवतो.”

त्या दाखल्याचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते, नाही तर तुम्हाला वाटेल सरकार सुधारलं. ट्रेनिंगच्या कचेरीत मी तो शेवटच्या दिवशी टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी, प्रसादासारखा. बाबूनं त्याकडे पाहिलंही नाही. “शाळेचा दाखला चालते. वयाची अट यंदा महिन्याभरानं ढिली केली.” मी म्हटलं, “कधी?” म्हणाला, “दोन हप्ते झाले. नोटीस लावली नं.” “कुठं?” “आत.” आत म्हणजे त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर, कपाटाच्या मागे. मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण आमच्या बॅचच्या मुली पुढे तीन वर्षं मला दबकून होत्या.

हे सगळं मला त्या संध्याकाळी माहीत नव्हतं. तालुक्याहून आम्ही शेवटच्या बसनं परत निघालो. कापसाची रिकामी पोती, कोंबड्यांच्या डालग्या, बाजारातून परतणारे लोक, पाय ठेवायला जागा नाही. दाखला माझ्या पोटाशी, सूप आईच्या मांडीवर. आई गप्प असेल असं मला वाटलं होतं, दिवस तसा गेला होता. पण बस गावाबाहेर पडली आणि ती सुरू झाली. शेजारच्या कोंबड्यावालीला म्हणाली, “हे माही पोरगी. नर्स होऊन राह्यली.” मागच्या म्हाताऱ्याकडे वळून म्हणाली, “माही पोरगी हाये.” कोणी विचारलं नव्हतं. पुढच्या बाकावर दोन बाया झोपल्या होत्या, त्यांना हलवून सांगितलं. मी शरमेनं खिडकीबाहेर बघू लागले, आणि मग बघायचं सोडून दिलं, कारण बाहेरचं काही नीट दिसत नव्हतं. कंडक्टर गर्दी कापत आमच्यापर्यंत आला.

“दोन द्या,” आई म्हणाली. “येक माहं, अन् येक माह्या पोरीचं.”

“आयकलं मावशी,” कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला, “ड्रायव्हरपासून मागच्या शीटपावतर सारे आयकून राह्यले. ही पाचवी खेप हाये.”

“मंग सहाव्यांदा आयक,” आई म्हणाली.